बाबांचं बोलणं लोकांना कळत नाही (एससीए २, लहान मेंदूचा आनुवंशिक आजार), स्पीच थेरपीचा उपयोग होतो का?

शनिवारपेठी:
बाबा ५८ वर्षांचे. मंडईत कांदा-बटाट्याचा गाळा. आमच्या आजीलाही हेच होतं, पण तेव्हा आजाराचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बाबांच्या जीन टेस्टमध्ये एससीए २ निघाला. चालताना तोल जातो, त्याचं ते काठीवर निभावतात. बोलण्याचं मात्र फार मनाला लावून घेतलंय. "ब... टा... टे" असं एकेक अक्षर सुटं पडतं, पहिलं मोठ्यानं आणि शेवटचं गिळलेलं. संध्याकाळपर्यंत तर आईलाही कळत नाही. डोकं लख्ख आहे, कुणाची किती उधारी ते अजून तोंडपाठ.

परवा एका बँकेत खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "काका, सकाळी सकाळीच घेतलीत का?" बाबा स्लिप तशीच हातात धरून घरी आले. तेव्हापासून गाळ्यावर गेलेले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, आजार थांबवणारं औषध नाही. मग थेरपीनं काय साधतं? (मला आणि बहिणीला हा आजार येण्याची शक्यता निम्मी-निम्मी. त्याचं आम्ही नंतर बघू, आधी बाबा.)

वाचा_धायरी:
मी स्पीच थेरपिस्ट आहे. बाबांच्या जिभेत ताकद नाही असं नाही. श्वास, आवाज आणि जीभ यांचा मेळ लहान मेंदू घालतो, तोच बिघडलाय. त्यामुळे नुसते जिभेचे व्यायाम करून भागत नाही. एका श्वासात दोन-तीनच शब्द, प्रत्येक शब्दाला बोटानं मांडीवर ठेका, आणि वेग मुद्दाम कमी. आजार थांबणार नाही, पण समोरच्याला कळेल असं बोलणं बऱ्याच जणांना जास्त काळ टिकवता येतं. सराव पुस्तकातल्या उताऱ्यांवर नको, त्यांच्या मालाच्या भावांवर घ्या: "कांदा. तीस रुपये. किलो." पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठात वाचा-श्रवण विभाग आहे, तिथे विचारा. आणि त्यांचा आवाज आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा.

पाणी पिताना ठसका लागतो का?

तोल_सांभाळून:
मी स्वतः पेशंट, याच आजाराचा दुसरा प्रकार, एससीए १२. खिशात लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवतो: "मला मेंदूचा आजार आहे. मी दारू प्यायलेलो नाही. कृपया थांबून ऐका." रिक्षावाल्यापासून पोलिसापर्यंत सगळीकडे चालतं. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात मेंदूचे दीर्घकालीन आजार आणि वाचादोष दोन्ही आहेत, यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा. महत्त्वाचे फोन सकाळीच उरकायचे. आणि हात जोडून सांगतो, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आम्हाला शब्द सापडलेला असतो, तो फक्त तोंडातून निघायला वेळ लागतो.

शनिवारपेठी:
ठसका लागतो, रात्री गोळ्या घेताना हमखास. कार्डाचा मजकूर बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, अक्षरं मोठी कर.

वाचा_धायरी:
मग गिळण्याची तपासणी आधी करून घ्या, याच आठवड्यात. पाणी श्वासनलिकेतून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. तोवर ताठ बसवून, छोटे घोट, आणि पिताना कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही.