बोन इव्हेरचा नवा अल्बम तुम्ही कसा ऐकलात? अनुभव लिहा

११ एप्रिल २०२५ला ‘सेबल, फेबल’ आला, तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा. बोन इव्हेर म्हणजे जस्टिन व्हर्ननचा बँड. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या केबिनमध्ये एक हिवाळा काढून त्याने केलेली ती पहिली गाणी मी रात्रीच्या कर्जत लोकलमध्ये दाराशी उभं राहून ऐकायचो. आता तोच माणूस सोल आणि आर अँड बी या संगीतप्रकारांच्या अंगाने मोकळेपणी प्रेमाची गाणी गातोय. पहिल्या दिवशी कुर्ला ते ठाणे ऐकला आणि बंद केला. परकाच वाटला. चार-पाच दिवसांनी घरी भांडी घासताना पुन्हा लावला. बेसच्या ठेक्यावर हात आपोआप चालायला लागले, तेव्हा जाणवलं की मी अजून त्या जुन्या थंडीचीच वाट बघत होतो. तुमचं काय झालं?

गिरगाव
मला धक्का बसला तो २०१६मध्येच, ‘२२, अ मिल्यन’ आला तेव्हा. गाण्यांच्या नावांत आकडे आणि चिन्हं, आवाज तुटलेला, फाटलेला. मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे त्यातलं ‘मेसिना’ हे आवाजाच्या यंत्रणेचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय राहवेना. साउंड इंजिनिअर क्रिस मेसिनाच्या नावावरून ते नाव पडलं. व्हर्नन गातो, कीबोर्डवर सूर दाबले जातात आणि त्याचाच गळा त्याच क्षणी त्या सगळ्या सुरांत उमटतो. आमच्याकडे पेटी गळ्याच्या मागून जाते. इथे गळ्याचीच पेटी झालीय! हे कळल्यावर पहिला अल्बम परत काढला. तिथेही तो स्वतःचाच आवाज थरावर थर चढवून कोरस उभा करत होता. गाणारा एकटाच आणि मागे साथीला अख्खं मंडळ, तेही त्याचंच. नव्या अल्बमला मी घाबरलो नाही, ते यामुळेच.

नेरूळ
मला नवा अल्बम नाही आवडला. सुरुवातीची तीन गाणी, जी ऑक्टोबर २०२४मध्ये ‘सेबल’ म्हणून आधीच आली होती, ती रोज ऐकते. पुढचं सगळं फार उजेडाचं आहे. माझे वाईट दिवस ज्या आवाजाने काढले, तो एकदम इतका आनंदात आलेला मला झेपत नाहीये.

विलेपार्ले
नेरूळ, मला उलट त्याच आनंदाने रडू आलं. रविवारी स्पीकरवर लावला होता. आई कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, “हा तोच ना गं, तुझ्या बारावीच्या वेळचा? बरा झाला वाटतं.” तिला इंग्रजी गाण्यातला शब्द कळत नाही, तरी हे कळलं. मी उठून आवाज थोडा वाढवला.

नेरूळ
पार्ले, तुझ्या आईचं वाक्य वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून होते. काका, तुम्ही पेटीचं लिहिलंत म्हणून आज ‘२२’ पुन्हा काढलाय. नवा उद्या, सकाळच्या पनवेल गाडीत. खिडकी मिळाली तर शेवटपर्यंत ऐकेन.