कबुतराच्या चोचीतले पान
सॉफ्टवेअरमधली चित्रे हलतात, बोलतात, म्हणून बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या मनात बायबलमधील कथा पक्क्या बसतात, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. महापुरातून माणसे आणि प्राणी वाचवण्यासाठी तारू म्हणजे मोठे जहाज बांधणाऱ्या नोहाच्या गोष्टीत पडद्यावरच्या सिंहाला बोट लावले की तो डरकाळी फोडतो आणि मूल तेच पुन्हा पुन्हा करत राहते. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायातले, जैतुनाचे पान चोचीत घेऊन तारवाकडे परतणारे कबुतर मात्र मागेच राहून जाते. तिथे थांबून, ‘पान पाहून नोहाला काय कळले असेल?’ असे विचारणारे मोठे माणूस शेजारी हवेच. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार या वयात पडद्यासमोरचा वेळ दिवसाला १ तासाहून अधिक नसावा. तेव्हा एका बैठकीत एकच कथा दाखवून नंतर ती मुलांच्याच तोंडून ऐकावी.