साताऱ्याहून आई-बाबा आमच्या शिडाच्या बोटीवर राहायला येत आहेत. तयारी काय करावी?

शाहूपुरीची लेक:
नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. गेली दोन वर्षे मी आणि माझे यजमान मलेशियातील लंकावी बेटांजवळ ३८ फुटी शिडाच्या बोटीवर राहतो. जानेवारीत आई-बाबा तीन आठवड्यांसाठी येत आहेत. बाबा ७२ वर्षांचे असले तरी माहुलीच्या संगमावर पोहायला शिकलेले आहेत, त्यामुळे त्यांची काळजी नाही. आईचे गुडघे मात्र दुखतात आणि यवतेश्वरच्या घाटातसुद्धा तिला मळमळते. बोटीवर एकच शौचालय आहे, तेही हाताने पंप मारून चालवावे लागते. गोडे पाणी ३०० लिटर मावते आणि किनाऱ्यावर जायचे तर रबरी होडीत उतरावे लागते. त्यांना शिडावर थायलंडमधील फुकेतपर्यंत न्यावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. लेकीचा संसार पाण्यावर कसा चालतो हे पाहायला आई एवढ्या लांब येते आहे. तिचे हाल होऊ नयेत. कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त दर्यावर्दी, कोरेगाव:
फुकेतचा बेत सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. जानेवारीत तिकडे वारा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून येतो, त्यामुळे लंकावीच्या बेटांच्या आडोशाला पाणी बहुधा शांत असते. पण उघड्या समुद्रात शिडाची बोट एका अंगावर कलून चालते आणि ज्यांना घाट सोसत नाही त्यांना ते सोसणे कठीण. सकाळी तास-दोन तासांचा पल्ला पुरे. बोट चालू असताना आईंना खाली स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. वर मोकळ्या हवेत, क्षितिजाकडे नजर ठेवून बसवा. उलटीची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी लागते, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. रक्तदाबाची औषधे चालू असतील तर साताऱ्यातच डॉक्टरांना विचारून घ्या.

गावभागातली सून, सांगली:
ताई, माझ्या दिरांकडे सेशेल्समध्ये अशीच बोट होती आणि सासूबाईंना घेऊन आम्ही तेथे दहा दिवस राहिलो. २०१९ च्या महापुरात त्यांना घरातून बोटीने बाहेर काढले होते, त्यामुळे पाण्याची भीती त्यांच्या मनात बसलेली होती. पहिल्या संध्याकाळी त्या डोलकाठीजवळचा दोर दोन्ही हातांनी धरून बसल्या आणि जेवायलाही उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना चक्कर आली. आम्हांला वाटले, समुद्र लागला. पण शौचालयाचा पंप जमत नाही आणि दरवेळी मुलाला हाक मारणे बरे दिसत नाही, म्हणून त्यांनी पाणी पिणेच जवळजवळ बंद केले होते. त्या उन्हात दुसरे काय होणार? मग जाऊबाईंनी त्यांना एकांतात पंपाचा दांडा स्वतः दोनदा चालवायला लावला, धुण्यासाठी हातात धरायचा नळ बसवून घेतला आणि सूचना मराठीत लिहून भिंतीवर चिकटवल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा चेहराच बदलला. पोळ्या मीच करणार, असे त्यांनी आपणहून सांगितले. तुम्ही बाकी सगळे मागे ठेवा, पण हे आधी करा.

कासच्या वाटेवर:
आई-बाबा निघण्यापूर्वी त्यांना एकदा बामणोलीला घेऊन जायला कोणाला तरी सांगावे. तेथील शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याला समुद्राची लाट नाही, त्यामुळे मळमळीची परीक्षा तेथे होणार नाही. परंतु हलत्या लाँचमध्ये पाय टाकताना आईंचा कोणता गुडघा दगा देतो आणि त्या कोणाचा हात धरतात, एवढे नक्की कळेल. लंकावीला गेल्यावर पहिले तीन-चार दिवस नांगर टाकून राहण्याऐवजी तिथल्या रेबाक बेटावरच्या मरिनात, म्हणजे बोटी धक्क्याला बांधून ठेवायच्या जागी, राहावे, असे मला वाटते. तरंगता धक्का भरती-ओहोटीबरोबर बोटीसारखाच वर-खाली होतो, म्हणून पायरीची उंची बदलत नाही. रबरी होडीची सवय नंतर, दिवसाउजेडी आणि जीवनरक्षक जाकीट घालूनच करावी.

शाहूपुरीची लेक:
सर्वांचे मनापासून आभार. फुकेत रद्द केले. यजमानांनाही ते पटले. बामणोलीला भाऊ येत्या रविवारी घेऊन जाणार आहे. ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल आईला फोन केला, तेव्हा तिने सर्वांत आधी शौचालयाचेच विचारले. इतके दिवस तिने ते मनातच ठेवले होते. सूचनांचा कागद आज लावला आहे. अक्षरे बोटभर उंचीची काढली आहेत, कारण रात्री उठल्यावर ती चष्मा लावत नाही.