भूमितीतून सिद्धता वगळल्यावर उरते काय?

ओळंबा

परवा या मंचावर एका सदस्यांनी लिहिले की नववी-दहावीच्या भूमितीतून प्रमेयांच्या सिद्धता काढून टाकाव्यात आणि क्षेत्रफळ-घनफळाची सूत्रे व थोडी त्रिकोणमिती तेवढी ठेवावी, कारण 'गवंडी पक्ष-साध्य न लिहिताच काटकोन धरतो'. या एका वाक्यासाठी स्वतंत्र धागा काढावा लागत आहे.

गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करतो आणि तिरके माप ५ फूट भरले की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला असे म्हणतो. हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे उलटे विधान, आहे, मूळ प्रमेय नव्हे. ग्रीक गणितज्ञ युक्लिडने आपल्या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात ४७ व्या क्रमांकावर प्रमेय आणि ४८ व्या, म्हणजे अखेरच्या, क्रमांकावर व्यत्यास स्वतंत्रपणे सिद्ध केला, तो हौस म्हणून नव्हे. विधान खरे असले म्हणून ते उलटे वाचूनही खरेच राहील, अशी खात्री कोणी देत नाही.

आमच्या गावच्या घरी मागची खोली वाढवताना कारागिराने चुन्याची फक्की मारून आखणी केली, कोनाकोनी फीत लावली, दोन्ही मापे इंचाला इंच जुळली आणि त्याने खोली गुण्यात असल्याचे जाहीर केले. फरशी बसवायला घेतली तेव्हा दोन्ही बाजूंच्या भिंतींलगतची शेवटची ओळ दाराकडे अख्खी आणि खिडकीकडे तीन बोटे कापलेली, अशी निमुळती होत गेली. खिडकीची भिंत दाराच्या भिंतीपेक्षा पाच इंचांनी आखूड होती. आयताचे कर्ण समान असतात हे त्याला ठाऊक होते. समद्विभुज समलंब चौकोनाचेही, म्हणजे ज्याच्या दोनच बाजू समांतर आणि उरलेल्या दोन समान असतात त्याचेही, कर्ण समानच असतात, हे नव्हते. आजही त्या खोलीत गेलो की नजर आधी त्या ओळीवरच जाते.

चौसष्टावा बाक

लेख वाचून बरे वाटले, परंतु आपण भूमितीच्या तासाला खडू हातात घेऊन उभे राहिलेले दिसत नाही. माझ्या वर्गात चौसष्ट मुले आहेत आणि तास पस्तीस मिनिटांचा आहे, त्यातली पाच मिनिटे कर्कटक कोणी पळवला याच्या चौकशीत जातात. मागील वर्षी प्रमाणाचे मूलभूत प्रमेय मी फळ्यावर एबीसी त्रिकोण काढून तीनदा शिकवले आणि चाचणीत मुद्दाम पीक्यूआर त्रिकोण दिला. निम्म्याहून अधिक मुलांनी आकृतीला पीक्यूआर अशी नावे दिली आणि खाली सिद्धता एबीसीची उतरवली. एकाने तर समासात 'येथे पी म्हणजे ए समजावे' अशी तळटीप दिली, तिला मी अर्धा गुण दिला.

सिद्धता वगळा अशी मागणी तरी कशाला करायची? दहावीच्या चाळीस गुणांच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत दोन-दोन गुणांच्या दोन आणि तीन गुणांची एक, अशा सात गुणांच्या कृती असतात, आणि तेथे सिद्धता आली तर ती छापून अर्धीमुर्धी तयार मिळते. मुलांनी रिकाम्या चौकटी भरायच्या. ज्याला आपण विचार म्हणता, तो आम्ही गाळलेल्या जागांमध्ये केव्हाच बसवला आहे.

साठीपार

दोघांच्याही ध्यानात न आलेले मूळ दुखणे भाषेचे आहे. समद्विभुज म्हटले की दोन भुजा समान हे शब्दच सांगतो. लघुकोन, विशालकोन, चक्रीय चौकोन यांनाही वेगळी व्याख्या फारशी लागत नाही. सेमी इंग्रजीत शिकणाऱ्या माझ्या नातवाने 'आयसोसेलीस'चे स्पेलिंग दहा वेळा लिहून पाठ केले, पण त्या त्रिकोणात समान काय असते असे विचारल्यावर तो छताकडे पाहू लागला.

तिरपी छेदिका

साठीपार यांनी सोयीचे शब्द निवडले आहेत. व्युत्क्रम कोन, अंतर्लिखित कोन, महत्त्वमापन हे शब्द कोणाच्या घरी जेवताना बोलले जातात? आमच्या घरी तर 'समान'सुद्धा 'सारखं' होते. मी दहावीपर्यंत मराठीतून शिकून पदविकेला गेलो, तेथे पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यापाशी बोलावून हायपोटेन्यूज दाखवायला सांगितले. कर्ण मला झोपेतही दाखवता आला असता. मी पायाच्या बाजूवर बोट ठेवले आणि वर्ग हसला. शब्दांचे सौंदर्य त्या दिवशी माझ्या उपयोगी पडले नाही.

साठीपार

आपल्याला एक शब्द अडला म्हणून पुढच्या पिढ्यांनी सगळेच शब्द टाकून द्यावेत, हा न्याय अजब आहे. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ पंडितांनी नासिरुद्दीन तुसी या गणितज्ञाच्या अरबी ग्रंथावरून युक्लिड संस्कृतात आणला आणि त्याला 'रेखागणित' म्हटले. त्यांना शब्द घडवण्याचा आळस नव्हता.

तिरपी छेदिका

म्हणजे अरबी शिकल्यावाचून त्यांचे पानही हलले नसते. माझा मुद्दा इतक्या विद्वत्तेने मांडल्याबद्दल आभारी आहे.

साठीपार

उपहास कळला. हायपोटेन्यूज वर्गात एकदा सांगायला अर्धे मिनिट लागते. ते आपल्या शिक्षकांनी सांगितले नाही, याचे खापर मराठीवर फोडू नये. दहावीच्या शेवटच्या महिन्यात दोन्ही भाषांतील शब्दांची यादी मुलांच्या हाती द्यावी, याला माझी कधीच हरकत नव्हती.

तिरपी छेदिका

ही यादी आपण पहिल्याच प्रतिसादात सुचवली असती, तर माझे बोट पुन्हा त्या पायाच्या बाजूपर्यंत गेले नसते. यादी मान्य, शेवटचा महिना नाही, नववीच्या पहिल्या दिवसापासून हवी.

ओळंबा

आता मूळ प्रश्नाकडे यावे, ही विनंती. चौसष्टावा बाक यांचा पीक्यूआरचा किस्सा सिद्धता वगळण्यासाठी सांगितला गेला आहे, परंतु माझ्या मते तो माझ्याच बाजूची साक्ष आहे. ज्या मुलाला अक्षरे बदलल्यावर त्रिकोणच बदलल्यासारखा वाटतो, त्याला सूत्र देऊन तरी काय साधणार? तो तेही एबीसीचेच समजून पाठ करील. मात्र चौसष्ट मुलांपुढे दहा-बारा प्रमेये रेटण्यापेक्षा तीनच निवडून ती उलटसुलट, व्यत्यासासकट तपासू द्यावीत, एवढी माघार मी घेतो, आणि ती खुशीने घेतलेली नाही.

चौसष्टावा बाक

तीन प्रमेयांवर तडजोड होत असेल तर मी आजच सही करतो. परीक्षा घेणाऱ्यांना पटवण्याचे काम आपले. 'कर्ण समान असलेला प्रत्येक चौकोन आयत असतो का?' हा प्रश्न पुढच्या चाचणीत घालतो आहे. साठ उत्तरे 'हो' अशी येतील, हे आत्ताच लिहून देतो. आपल्या त्या खोलीच्या चारही भिंतींची मापे तेवढी कळवावीत, म्हणजे आकृती प्रमाणात काढता येईल.