नगरपालिकेने स्वतःचे कार्बन उत्सर्जन कमी करायचे, तर सुरुवात कुठून करावी?

धागालेखक:
उत्सर्जन घटवण्याचा ठराव झाला की पालिकेची पहिली कामे जवळजवळ ठरलेली असतात: मुख्य इमारतीच्या छतावर सौरपट्ट्या, अधिकाऱ्यांना विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि वृक्षारोपण. यांतले एकही काम वाईट नाही. परंतु ज्या पालिकेकडे पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि कचरा ही तिन्ही कामे आहेत, तिचे खरे उत्सर्जन कार्यालयांत नव्हे, तर पंपगृहांत, सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आणि कचराभूमीवर होते. वर्षभराची वीजबिले जोडणीनिहाय मांडून पाहिली, तर निदान विजेपुरते हे लगेच दिसते.

प्रक्रिया केंद्राचेच पाहा. सांडपाण्यातील जिवाणूंना प्राणवायू मिळावा म्हणून टाकीत हवा सोडणारे ब्लोअर अहोरात्र चालतात, आणि सक्रिय गाळ पद्धतीच्या (हवेवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या गाळाने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या) केंद्रात साधारण निम्मी किंवा त्याहूनही अधिक वीज या एकाच कामाला लागू शकते. पहाटे केंद्रात येणारे सांडपाणी बरेच कमी झालेले असते. तरीही ब्लोअर त्याच वेगाने चालत असेल, तर बहुधा विरघळलेला प्राणवायू मोजणारा संवेदक बसवलेलाच नसतो, किंवा त्यावर जैविक थर चढून तो भलतेच आकडे दाखवत असतो. हा संवेदक नियमित पुसून ब्लोअरचा वेग त्याच्याशी जोडणे, हे छायाचित्रात न दिसणारे काम आहे, आणि म्हणूनच ते मागे पडते. आधी मोजमाप, मग पंप, ब्लोअर आणि कचरा, त्यानंतर सौरपट्ट्या, असा क्रम असावा असा माझा आग्रह आहे.

प्रतिसाद १:
असहमत. संपूर्ण शहराच्या उत्सर्जनात पालिकेच्या स्वतःच्या कारभाराचा वाटा थोडाच असतो. पालिकेचे खरे बळ तिच्या अधिकारांत आहे: बांधकाम परवानगी, वाहनतळाचे धोरण, जिथे बससेवा तिच्याकडे आहे तिथे बसचे जाळे. मोजके अधिकारी आणि मोजका निधी असताना तो संवेदक पुसण्यात खर्च करायचा, की हजारो नव्या इमारती कमी वीज खातील असे नियम करण्यात?

धागालेखक:
हे दोन पर्याय एकमेकांच्या वाट्यातून काढलेले नाहीत. नियम नगररचना विभाग करतो. पंप पाणीपुरवठा विभाग चालवतो. शिवाय पंपांवर वाचलेली वीज दरमहा बिलात दिसते आणि पुढच्या कामाला पैसा देते. ‘आधी केले, मग सांगितले’ असे म्हणता येणारी पालिका नागरिकांवर नियम घालताना अधिक ठामपणे उभी राहते, हेही मला महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद २:
पंपांबाबत एक सावधगिरी सांगतो. केंद्रापसारी पंपाचा वेग 20 टक्क्यांनी कमी केला की लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते, हे गणित वेग-नियंत्रक विकणारा प्रत्येक जण दाखवतो. ते प्रामुख्याने घर्षणावर मात करणाऱ्या वाहिनीला लागू पडते. उंच टाकीत पाणी चढवताना उंचीचा भार कायम राहतो, त्यामुळे बचत खूपच कमी होते, आणि वेग फार घटवला तर पाणी टाकीपर्यंत पोहोचतच नाही. अशा ठिकाणी झिजलेला इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चक्र) बदलणे, गरजेपेक्षा मोठा पंप काढून योग्य क्षमतेचा बसवणे आणि झडप अर्धवट मिटून प्रवाह आवरण्याची सवय सोडणे अधिक फलदायी ठरते. आणि गळती? शुद्धीकरण आणि उपसा या दोन्हींची वीज पोटात घेऊन ते पाणी जमिनीत मुरते. माझ्या यादीत ती पहिली आहे.

प्रतिसाद ३:
मला धागालेखकांचा क्रम मान्य आहे, पण त्यांनी कचरा एका शब्दात उरकला. दाबून ठेवलेल्या ओल्या कचऱ्यातून निघणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट, तर वीस वर्षांच्या हिशोबाने 80 पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. आज टाकलेला कचरा पुढे कित्येक वर्षे वायू सोडत राहतो, म्हणून ओला कचरा कचराभूमीवर जाण्यापासून रोखणे आणि जुन्या ढिगातला वायू गोळा करून जाळणे, ही दोन्ही कामे लागतात.

त्यातही मोठी पळवाट हिशोबाची आहे. संकलन आणि वाहतूक ठेकेदाराकडे सोपवली की त्या वाहनांचे डिझेल पालिकेच्या थेट उत्सर्जनातून बाहेर पडते आणि अप्रत्यक्ष उत्सर्जनाच्या तिसऱ्या गटात, म्हणजे पालिकेसाठी पण इतरांच्या हातून होणाऱ्या उत्सर्जनात जाते, जो गट अनेकदा मोजलाच जात नाही. एकही वाहन न बदलता अहवालात घट दिसते.

प्रतिसाद १:
ठेकेदाराच्या इंधनावर पालिकेचे रोजचे नियंत्रण नसते. जे हातात नाही त्याची जबाबदारी तिच्यावर टाकल्यास अहवाल फुगेल, कृती होणार नाही.

धागालेखक:
ठेक्याच्या अटी पालिकाच लिहिते, त्यामुळे नियंत्रण निविदेच्या वेळी पूर्णपणे तिच्याच हातात असते. वाहननिहाय इंधनाची मासिक नोंद देयकासोबत सादर करावी, नोंद नसल्यास देयक थांबवावे आणि मुदतीत ठरावीक वाहने विजेवर आणावीत, एवढ्या अटी तिथे घालता येतात. ठेका अनेक वर्षांसाठी दिला जातो. ही वेळ हुकली, तर पुढच्या निविदेपर्यंत तीच जुनी वाहने फिरत राहतील. म्हणून गळतीला पहिले स्थान देण्याची सूचना स्वीकारतो, आणि ज्या पालिकेचा ठेका संपत आला आहे तिने पंपांच्याही आधी त्या निविदेचा मसुदा हाती घ्यावा, असे सुचवतो.