साताऱ्यात मुलांना घेऊन स्वस्तात कुठे जावं? (कृपया कास सांगू नका)

जास्वंद_गच्चीवरची
नमस्कार. सुट्टी संपेपर्यंत मुलांना रोज कुठेतरी बाहेर काढायचं आहे. जवळपास आणि स्वस्तात. येणंजाणं-खाणं धरून दिवसाचा खर्च हजाराच्या आत बसला पाहिजे. कास सांगू नका. महाबळेश्वर पण नको. नेटवर शोधलं तर सगळीकडे त्याच त्या जागांच्या याद्या आहेत, त्याही इथे कधी पाऊल न ठेवलेल्यांनी लिहिलेल्या. लवकर सांगा, घरात नुसता गोंधळ चाललाय.

पोवईनाका
मुलं किती? वयं काय? गाडी आहे का? राहता कुठे? एवढं तरी सांगा.

यवतेश्वरचा_वारा
तुम्ही कास नको म्हणताय, पण खरं सांगू का, साताऱ्यात राहून कासला पर्याय नाही. २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पुण्या-मुंबईची माणसं धडपडत येतात आणि आपल्याला त्याची किंमत नाही.

पेठेतला_एकजण
वारासाहेब, दिवाळी झाली की हो. फुलं सप्टेंबरात, फार तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. आता तिथे मुलांना काय वाळकं गवत दाखवायचं?

यवतेश्वरचा_वारा
तलाव आहे की. आपण पितो ते पाणी कुठून येतं हे मुलांना कळायला नको?

जास्वंद_गच्चीवरची
कास नको असं शीर्षकातच लिहिलंय. मुलं ४ आणि ९ वर्षांची. शाहूनगरला राहतो. स्कूटर आहे.

पोवईनाका
मग सोपं आहे. ऊन उतरल्यावर 'चार भिंती'च्या टेकडीवर जा. सगळं सातारा पायाखाली दिसतं, खर्च शून्य. आपलं घर, शाळा, स्टँड शोधायला लावा, तासभर आरामात जातो. भेळ घरूनच न्या. कागद परत आणा, तिथे आधीच पुष्कळ पडलेत.

हळदीचा_सांगलीकर
ताई, सागरेश्वरला घेऊन या मुलांना. मानवनिर्मित अभयारण्य आहे. उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलंय, धों. म. मोहित्यांची पुण्याई. सांबर, चितळ, काळवीट सगळं बघायला मिळतं. शेजारीच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. एका दिवसात दोन्ही होतं.

पेठेतला_एकजण
त्यांनी जवळपास म्हटलंय. साताऱ्याहून कराडच पन्नास किलोमीटर, तिथून आणखी आत. स्कूटरवर चार वर्षांचं पोर घेऊन हायवेने पाठवताय?

हळदीचा_सांगलीकर
एसटी नाही का? कराडपर्यंत गाड्याच गाड्या आहेत.

आज्जे
माझं मत वेगळं आहे. बाहेर न्यायचंच कशाला? दिवाळीत आमच्या पोरांना दारचा किल्ला सोडून हलायला वेळ नसायचा. लाल माती, जुनी पोती, विटांचे तुकडे. तटाला अळीव पेरायचं, वरून हलकं पाणी मारायचं, तीन-चार दिवसांत हिरवंगार. मावळे कुंभारवाड्यातून आणायचे. हल्ली प्लॅस्टरचा तयार किल्ला विकत आणतात आणि मग मुलं कंटाळली म्हणून विचारत बसतात.

जास्वंद_गच्चीवरची
काकू, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. गच्चीला सोसायटीने कुलूप लावलंय. माती कुठे कालवू?

आज्जे
पत्र्याच्या मोठ्या परातीत होतो. गॅलरीत ठेवायचा. मी स्वतः करून दिलाय नातवाला.

भटका_मावळा
आज्जींशी सहमत, पण आधी खरा किल्ला दाखवा, मग परातीत तोच करायला सांगा. अजिंक्यताऱ्यावर दरवाजाच्या जवळपर्यंत गाडी जाते. नुसतं 'बघ किती छान' म्हणत फिरवलंत तर मोठी मुलं दहा मिनिटांत मोबाईल मागतील. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला, ती गोष्ट सांगा. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिल्या स्फोटात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसऱ्या स्फोटाने तट बाहेरच्या बाजूला, चढाईला जमलेल्या मोगलांवरच कोसळला. तरी किल्ला पडला नाही. शेवटी १७०० च्या एप्रिलमध्ये दिला, तेव्हा त्याचं नाव आझमतारा ठेवलं. हे तटावर उभं राहून सांगायचं आणि विचारायचं, तू असतास तर सुरुंग कुठे लावला असतास? माझा मुलगा त्यानंतर घरी येऊन उशांचा तट पाडत होता.

पोवईनाका
वा. फक्त चार वर्षांच्याचा हात सोडू नका. कडेला सगळीकडे कठडा नाही.

जास्वंद_गच्चीवरची
गोष्ट छान आहे. पण सासूबाईंना चढ जमणार नाही, गुडघे दुखतात. आणि मुलं पाच आहेत.

पोवईनाका
पाच?

जास्वंद_गच्चीवरची
माझी दोन आणि नणंदेची तीन. ती भाऊबीजेला डोंबिवलीहून आलीय. तिची १३, ११ आणि ७. ह्यांना दिवाळीत दुकान सोडता येत नाही, म्हणून मी, नणंद, सासूबाई आणि ही पाच. 'रोज कुठेतरी' लिहिलं तेव्हा कळायला हवं होतं, दोन मुलांसाठी कोण एवढं विचारतं?

पेठेतला_एकजण
स्कूटरवर आठ जण कसे मावतात ते बघायला मात्र मी नक्की येईन.

लालपरी_प्रेमी
ताई, स्कूटर घरी राहू द्या. सासूबाईंचं वय किती?

जास्वंद_गच्चीवरची
७६.

लालपरी_प्रेमी
झालं काम. आता हिशोब बघा. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट, अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणजे तुम्ही आणि नणंदबाई मिळून एक. पाच ते बारा वयाच्या मुलांचं अर्धं: ९, ११ आणि ७ मिळून दीड. चार वर्षांचं फुकट. १३ वाला मुलगा असेल तर पूर्ण, मुलगी असेल तर तिलाही महिलांचं अर्धं. मुलगाच धरा. म्हणजे आठ माणसं साडेतीन तिकिटांत! रिक्षावाला यातल्या निम्म्यांना बसवतानाच तोंड वाकडं करेल.
सासूबाईंचं आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा. कंडक्टर मागतोच. आमच्या आईचं कार्ड पिशवीच्या तळाशी डब्याखाली असायचं, मग चालत्या गाडीत चकल्या बाहेर काढायच्या.

यवतेश्वरचा_वारा
याच सवलतींनी एसटी डबघाईला आलीय, हेही लिहा की.

लालपरी_प्रेमी
सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं. वेळेवर देतं का, तो प्रश्न वेगळा. आणि अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्या कशा भरून जातात ते स्टँडवर उभं राहून बघा.

यवतेश्वरचा_वारा
भरतात खऱ्या, पण आम्हाला बसायला जागा मिळत नाही त्याचं काय?

पेठेतला_एकजण
इथे एसटीचं अंदाजपत्रक मांडायचं नाहीये. जास्वंदताई, सासूबाई बरोबर असतील तर संगम माहुली. गावापासून चार-पाच किलोमीटर, कृष्णा-वेण्णेचा संगम. दगडी घाट, जुनी देवळं, सावली. सासूबाई देवळात टेकतील. मुलांसाठी खरी गंमत वेगळीच. थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी आहे तिथे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात. कुत्र्याची समाधी म्हटल्यावर डोंबिवलीची तिघं जागची हलतील. बाहेर काढायला मला तरी याहून सोपी युक्ती सापडलेली नाही.
पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. तिथे एका मोठ्या माणसाने खालच्या पायरीवर उभंच राहायचं, गप्पा मारत वर बसायचं नाही.

भटका_मावळा
माहुलीला +१. पलीकडचं क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. येसूबाई आणि ताराराणींच्या समाध्याही या परिसरात आहेत. येसूबाईंच्या समाधीशी जाऊन लोक सेल्फी काढून परत येतात, निदान तुम्ही मुलांना त्या कोण होत्या ते सांगा.

नवीन_सभासद
वाघनखं बघायला न्या! स्टँडजवळच्या संग्रहालयात.

भटका_मावळा
ती जुलै २०२४ मध्ये लंडनहून आली, सात महिने साताऱ्यात होती, मग नागपूरला गेली. संग्रहालय मात्र बघण्यासारखं आहेच. तलवारी, चिलखतं वगैरे. उन्हाच्या वेळेला उत्तम. निघण्याआधी उघडं आहे का ते विचारा.

गोडोलीकर
कुणी लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचं नाव कसं काढलं नाही? शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ मधलं काम. वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार. आत उतरायला जिना आणि विहिरीच्या पोटात चक्क महाल. वर मोटांच्या जागा मोजायला लावा. मोट म्हणजे काय हेच मुलांना माहीत नसतं. आमच्याकडच्या एकाने विचारलं, मोटर कुठे बसवायचे?

आज्जे
शंभर फुटांपेक्षा खोल विहीर आहे ती. पाच पोरं आणि दोन बाया. अजिबात जाऊ नका.

गोडोलीकर
अहो आज्जी, आत बांधीव जिना आहे. शाळांच्या सहली जातात.

आज्जे
सहलीला शिक्षक असतात, शिट्टी असते. यांच्याकडे काय आहे?

जास्वंद_गच्चीवरची
नणंद शिक्षिकाच आहे. तरी चार वर्षांचा फार पळतो, विहीर नको. मोठ्या तिघांना घेऊन ती एकटी जाईल तर बघू.

सुटीतला_मास्तर
मुलांना वाचायची आवड आहे का? भिलारला न्या. पांचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, २०१७ पासून. लोकांच्या घरांत, ओसरीवर पुस्तकं मांडलेली असतात. आत जायचं, बसायचं, वाचायचं. कोणी पैसे मागत नाही.

पोवईनाका
पसरणीचा घाट आहे मध्ये. पाच मुलांपैकी दोघांना तरी ओकारी येणार. सकाळी पोटभर मिसळ खाऊन निघू नका, खिडकीकडची जागा धरा, पिशव्या हाताशी ठेवा.

सुटीतला_मास्तर
आल्याच्या वड्या द्या. आमच्याकडे घाटाचं औषध तेच.

हळदीचा_सांगलीकर
आल्याच्या वडीपेक्षा भडंग. पोट जड होत नाही, दोन दिवस राहतं. आमच्याकडचं भडंग म्हणजे...

पेठेतला_एकजण
आलं का सांगलीचं भडंग. आता कंदी पेढ्यावर कोणीतरी उतरणार.

गोडोलीकर
कंदी पेढा प्रवासात सगळ्यात चांगला. खवा खमंग भाजलेला असतो म्हणून टिकतो. भडंगाने तहान लागते, मग बाटलीबंद पाण्याचा खर्च.

हळदीचा_सांगलीकर
पाणी घरून न्यायला कोणी अडवलंय?

जास्वंद_गच्चीवरची
खाण्याचं मी बघते. सज्जनगडाबद्दल सांगा. सासूबाईंची फार इच्छा आहे. पायऱ्या किती अवघड?

लालपरी_प्रेमी
गाडी वरपर्यंत जाते, तिथून पायऱ्या. उंच नाहीत, पण गुडघेदुखीला आहेतच. सकाळी उन्हाआधी, काठी घेऊन, मध्ये बसत बसत. आमची आई निम्म्यात बसली आणि 'मी इथूनच नमस्कार करते' म्हणाली, पण माळ ओढून झाल्यावर स्वतःच उठली. घाई करायची नाही, एवढंच पथ्य. दुपारचा प्रसाद मिळतो, आमटी-भात. त्या दिवशी जेवणाचा खर्च नाही. देणगीपेटीत काहीतरी टाका. तटावरून उरमोडी धरणाचं पाणी दिसतं.

पोवईनाका
पंगतीत मुलांना आधी थोडंच वाढून घ्यायला सांगा. ताटात टाकलेलं तिथे बरं दिसत नाही.

नवीन_सभासद
पुढच्याच धबधब्याला पण जा ना, ठोसेघरला.

पेठेतला_एकजण
आता धार बारीक झालेली असणार. आणि एकाच दिवसात दोन्ही उरकायला निघालात की संध्याकाळी पोरं स्टँडवर रडतात आणि मोठी माणसं एकमेकांवर चिडतात. एका दिवसाला एकच जागा, तीही अर्ध्या दिवसाची. दुपारी घरी येऊन झोपायचं.

जास्वंद_गच्चीवरची
हे पटलं. ठरवलं असं: उद्या माहुली, परवा सज्जनगड, त्यानंतर मोठ्यांसाठी अजिंक्यतारा. तेव्हा सासूबाई आणि धाकटा घरी, परातीतला किल्ला करत बसतील. काकू, अळीव किराणा दुकानात मिळतं ना?

आज्जे
मिळतं. रात्रभर भिजत घालू नका, गिळगिळीत होतं. ओल्या मातीवर कोरडंच भुरभुरवा. आणि उरलेल्याचे लाडू करा, ती खीर-बीर नको.

हळदीचा_सांगलीकर
सागरेश्वर राहूनच गेलं मग. पुढच्या सुट्टीत तरी या.

पोवईनाका
सांगलीकर, वेगळा धागा काढा, मी स्वतः येतो.

जास्वंद_गच्चीवरची
सज्जनगडची सकाळची गाडी कितीला आहे? नेटवर तीन वेगवेगळ्या वेळा दाखवतात.

लालपरी_प्रेमी
नेटवरचं धरून बसू नका. काही फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात, सुट्टीत त्या बंद. दुकान बंद करून येताना साहेबांना स्टँडवरून यायला सांगा, चौकशीच्या खिडकीत विचारतील. आणि परतीची शेवटची गाडी कधी तेही त्याच वेळी विचारून घ्या.