मधले दिवस: रस्त्यावरचं मांजर घरी रुळेपर्यंत

रस्त्यावरचं मांजर घरी आणलेल्या प्रत्येकाकडे दोन फोटो असतात. एकात डोळे चिपडांनी बंद, कान कुरतडल्यासारखा, बरगड्या मोजून घ्याव्यात. दुसऱ्यात तेच मांजर उशीवर पोट वर करून पसरलेलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की बघणाऱ्याला वाटतं, मध्ये फक्त एक आंघोळ झाली असावी. (अशा अशक्त मांजराला आणल्या आणल्या आंघोळ घालायची नसते, हे मला डॉक्टरांनी ओरडून सांगितलं.)

आमच्याकडे सध्या ते मधले दिवस चालू आहेत. भाटी आहे, दीड-दोन वर्षांची असेल, वजन 2.1 किलो. जंताचं औषध झालं, पिसवांसाठी मानेवर थेंब घालून झाले, कानातून कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण निघाली. घरी येऊन कॅरिअरचं दार उघडलं तशी ती पलंगाखाली गेली, त्याला आज अकरा दिवस झाले. रात्री वाटी रिकामी होते, लिटर (शी-शूसाठी पेटीत पसरलेले दाणे) वापरलेलं दिसतं, एवढ्यावरून ती आहे असं समजायचं. मी खोलीत गेले की अंधारात दोन हिरवे दिवे, आणि फिस्स.

तुम्ही हे कसं निभावलंत? किती दिवस लागले, कुठे चुकलात, कुठे रडलात, तेही लिहा. दुसऱ्या फोटोच्या आधीचं लिहा.

*

पलंगाखाली हात घालून ओढू नका. मी तिसऱ्याच दिवशी ओढली होती. मनगटावर चार दात. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली हात, मग रेबीजची इंजेक्शनं. मांजराचा दात सुईसारखा; वरून भोक दिसत नाही आणि जंतू खोल जातात, दुसऱ्या दिवशी हाताचा फुगा. आणि तिच्या लेखी मी पुन्हा शून्यावर.

नंतर ती खायला बाहेर आली असताना पलंगाखालची जागा बंद केली आणि पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवलं, दोन्ही बाजूंनी वाट असलेलं. लपायला जागा हवीच, पण आपल्याला ती दिसेल अशी. रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचो आणि मोठ्यानं वाचायचो. परीक्षा जवळ होती, त्यामुळे तिनं हिशेबतपासणीचं अख्खं पुस्तक ऐकलंय. रोखून बघायचं नाही. नजरानजर झालीच तर डोळे हळूच अर्धवट मिटायचे. मला हे थोतांड वाटायचं, पण ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये हे तपासून पाहिलंय. माणसानं असे डोळे मिटले की मांजरही तसेच मिटतं, आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळ यायला जास्त तयार होतं.

आमची 41व्या दिवशी माझ्या पाठीला पाठ लावून बसली. तोवर परीक्षा होऊन गेली होती.

*

माझ्याकडे तीन पिल्लं आली, जिन्याखाली सापडलेली. डोळे नुकते किलकिले झालेले, म्हणजे दहा-बारा दिवसांची. दोन-तीन तास लांब उभी राहून आईची वाट पाहिली. हे मात्र बरोबर केलं. आई बरेचदा खाणं शोधायला गेलेली असते आणि आपण पिल्लांना 'वाचवून' त्यांची ताटातूट करतो. ती आली नाही. पिल्लं गार पडायला लागली तशी उचलली.

इथून पुढे चुका. मांजर डोळे मिटून दूध पितं, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून गाईचं दूध, ड्रॉपरनं, तान्ह्या बाळासारखं उताणं धरून. ते दूध त्यांना पचत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी संपायला वेळ लागत नाही. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. डॉक्टर म्हणाल्या, "आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाच्या पोटात काही पचत नाही." मग फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, पिल्लू पालथं, मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं ढुंगण पुसायचं, तेव्हा कुठे शी-शू होते. साधारण तीन आठवडे त्यांना ते आपणहून जमत नाही. आई जिभेनं करून घेते. मांजरीचे दात पिल्लांना लागत नाहीत म्हणतात. माझी नखं मात्र लागायची, ती मुळापर्यंत कापून टाकली.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन. वही अजून आहे: 190, 188, 188, 197, 209. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. तिसऱ्याच्या रकान्यात 171, 166, 160 असं आहे आणि पुढे काही नाही. उरलेल्या दोघी आता हे लिहिताना कीबोर्डवर आहेत.

*

छोटासा अनुभव. आमची लिटर बॉक्सकडे ढुंकून बघायची नाही, बाल्कनीतली एकही कुंडी सोडायची नाही. आठवडाभर भांडलो. शेवटी कुंडीतली माती लिटरवर पसरली आणि रोज थोडी थोडी कमी करत गेलो. जन्मभर माती उकरलेल्या मांजराला ते दाणे काय कळणार! झाडं मेली ती मेली.

*

मी मांजरवाला नव्हे. मुलीनं बोका आणला, मुलगी शिकायला गेली, बोका राहिला. गालावर लिंबाएवढी गाठ, मारामारीत चावा बसून आत पू झालेला. ती फोडून साफ केली आणि घरी गोळ्या दिल्या. गोळी देणं हे डॉक्टरांच्या टेबलावर तीन सेकंदांचं काम आहे, आमच्याकडे त्याला टॉवेल, दोन माणसं आणि वीस मिनिटं लागत. एक गोष्ट लक्षात ठेवा: गोळीमागून सिरिंजनं थोडं पाणी द्या. काही गोळ्या कोरड्या गेल्या तर अन्ननलिकेत चिकटून जखम करतात.

रक्त तपासलं तर एफआयव्ही हा विषाणू निघाला. 'मांजरांचा एड्स' असं कोणी तरी म्हटलं आणि घरी येणाऱ्यांनी त्याला हात लावणं बंद केलं. तो माणसाला होत नाही. एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः खोल चाव्यातून. नसबंदी केली, मारामाऱ्या थांबल्या, बाहेर जाणं बंद. सहा वर्षं झाली. साधी सर्दी झाली तरी वाट न पाहता दवाखाना गाठतो, एवढंच पथ्य. मुलगी फोनवर आधी त्याची चौकशी करते. चालायचंच.

*

हे लिहू की नको असं झालं होतं.

घरात तीन वर्षांचं मांजर होतं. लस एकदा दिलेली, नंतर राहिली. रस्त्यावरून एक पिल्लू आणलं आणि पहिल्या रात्रीच दोघांना एकत्र सोडलं, कारण ती दोघं किती गोड दिसत होती! तिसऱ्या दिवशी पिल्लाला उलट्या, चौथ्या दिवशी ते पाण्याच्या वाटीवर मान टाकून नुसतं बसलेलं. पॅनल्यूकोपेनिया. या विषाणूनं पांढऱ्या पेशी कोसळतात आणि आतड्याचं अस्तर जातं. पिल्लू दोन दिवसांत गेलं. मोठीला आठवड्यानं सुरू झालं. सलाइन, अँटिबायोटिक, उलटी थांबवायचं इंजेक्शन. विषाणूवर थेट औषध नाही, शरीर लढेपर्यंत तगवून धरायचं. ती तगली.

त्यानंतर कळलं की हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो. मी वेड्यासारखी फिनेलनं घर पुसत होते. फिनाइलसारखी जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात, पंजे चाटून ती पोटात जातात. त्यासाठी पाण्यात पातळ केलेलं ब्लीच लागतं, एक भागाला बत्तीस भाग पाणी, आणि जागा कोरडी होईपर्यंत मांजर लांब.

आता नवं मांजर आलं की वेगळी खोली, वेगळी वाटी, वेगळं लिटर, किमान दोन आठवडे. आधी डॉक्टर, आधी लस. मग वासाची अदलाबदल: याचं फडकं तिकडे, तिचं इकडे. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. गोड दिसण्याची घाई मी आता करत नाही.

*

वरचं वाचून आठवलं. आमच्या पिल्लाचं अंग गरम लागलं म्हणून घरातल्या एका मोठ्या माणसानं तापाचं औषध मोजून सिरिंजमध्ये भरलं होतं, पॅरासिटामॉल. मी वेळेवर दारात पोहोचले. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही, छोट्याशा डोसानंही जीव जातो. आणि अंग गरमच लागणार, मांजराचं नेहमीचं तापमानच 38 ते 39 अंश असतं.

*

मी पाच महिन्यांची गरोदर असताना ती आली. 'बाळ हवंय की मांजर' असा थेट सवाल घरात झाला. माझ्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं आणि समजावून सांगितलं: भीती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या एका परजीवीची. तो मांजराच्या विष्ठेतून येतो, पण संसर्ग करण्याच्या अवस्थेत जायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटर रोज काढायचं, आणि ते मी नाही, नवऱ्यानं. कच्चं मांस तिलाही नाही, मलाही नाही, बागेत हातमोजे. इतकंच होतं. नवऱ्यानं चार महिने एकही दिवस न चुकवता लिटर काढलं आणि बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खोरं माझ्या हातात दिलं.

*

आमचा बोका गाडीखाली शेपूट सापडलेला. कमरेचं हाडही मोडलं होतं, पण जागेवरून फारसं सरकलं नव्हतं. ऑपरेशन न करता सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती, असं ठरलं. खरं दुखणं वेगळंच होतं. शेपूट ओढली गेली की मुळाशी असलेल्या नसा ताणल्या जातात, आणि मूत्राशयाचा ताबा त्याच भागातल्या नसांकडे. त्याला लघवी होत नव्हती. पोट दाबून ती काढायची, दिवसातून तीनदा. डॉक्टरांनी माझा हात हातात धरून शिकवलं: मागच्या पायांच्या पुढ्यात छोट्या पेरूएवढा गोळा लागतो, हळू, एकसारखा दाब. पहिले चार दिवस मला गोळाच सापडायचा नाही, आणि सापडला की फुटेल अशी भीती. तो गुरगुरायचा नाही, चावायचा नाही. नुसता बघायचा.

महिन्याभरात ताबा आला नाही तर पुढे कठीण, असं सांगितलं होतं. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होतो. तेविसाव्या दिवशी सकाळी पिंजऱ्यातली चादर ओली. आधी वाटलं, पाण्याची वाटी सांडली. वाटी भरलेली होती. मी ती चादर नाकाला लावली, खरंच लावली, आणि बायकोला हाका मारत सुटलो. मांजराच्या मुताच्या वासानं माणूस इतका खूष झालेला तिनं पहिल्यांदाच पाहिला असेल. शेपूट काढावी लागली. आता चिडला की नसलेली शेपूट आपटतो, ढुंगण तेवढं हलतं.

*

एक उलटा अनुभव. सगळीच मांजरं घरात राहायला तयार नसतात. आमची तीन-चार वर्षांची होती, माणसाचा हात कधीच न लागलेला. पिल्लं दोन ते सात आठवड्यांची असताना माणसांत वाढली नाहीत, तर पुढे फार जड जातं. पाच महिने प्रयत्न केला. दाराशी बसून ओरडणं, रात्रभर फेऱ्या, चाटून चाटून पोटावरचे केस गेलेले. शेवटी नसबंदी करून, लस देऊन, कानाचं टोक कापून (ही झालेल्या नसबंदीची खूण) तिला जिथून आणलं तिथेच सोडलं. रोज दोन वेळा खाणं ठेवतो. पोटावरचे केस आले. लोक विचारतात, टाकून दिलंत का? मी आता उत्तर देत नाही.

*

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. खोकं आणलं, दोन्ही बाजूंनी कापलं. दवाखान्यात नसबंदीची तारीख घेतली. मांजर चार महिन्यांचं असतानाही गाभण राहू शकतं आणि दोन महिन्यांत विते, हे ऐकून तर ताबडतोब घेतली. परीक्षा नाही, म्हणून मी वर्तमानपत्र वाचते, हवामानासकट.

काल एकोणिसावा दिवस. वाचता वाचता मागे कुडुम कुडुम आवाज आला. वळून पाहिलं नाही. खोक्यातून मान बाहेर काढून ती वाटीतलं खात होती, मी खोलीत असताना, दिवा चालू असताना. मी पुढची बातमी वाचायची थांबले, तर खाणं थांबलं. म्हणून तीच बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग आवाज सुरू झाला.